गोदावरी नगरचा धबधबा

भिंतीला कान असतात, हे बद्रीनाथरावांना पाचोडच्या शाळेत होते तेव्हापासून ठाऊक होतं. भिंतीला नाक नसतं ही तिच्यावर देवाची केवढी कृपा, हे मात्र स्वतःचं घर बांधून त्याला कंपाउंड घातल्यावर कळलं.

घर गोदावरी नगरात. नाव ऐकून कुणी पोहायच्या तयारीनं येऊ नये. बीड बायपास ओलांडला, सातारा डोंगराकडं तोंड केलं, डांबर संपून मुरूम लागला की गोदावरी नगर. ज्यानं प्लॉट पाडले तो पैठणकडचा होता, एवढाच काय तो गोदावरीशी संबंध. पालिकेचा नळ अलीकडच्या चौकात येऊन थांबला होता आणि लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. पाणी टँकरचं, टँकर नगरसेवकाच्या मर्जीचा, आणि मर्जी हवामान खात्याच्या अंदाजासारखी. बद्रीनाथराव स्वतः पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. त्यांच्या टेबलावरून दिवसभर कालवेच्या कालवे वाहत, पण फायलीतून. त्यामुळं पाण्याविषयी बोलायचं काम बद्रीनाथरावांकडं आणि पाणी भरायचं काम द्वारकाबाईंकडं, अशी घरात वाटणी होती.

तर ती भिंत. रस्त्याकडेची, लांबलचक, नवी पांढरीशुभ्र. समोर पंक्चरचं दुकान, त्याला लागून चहाची टपरी. बायपासवर ट्रक हाकून दमलेला ड्रायव्हर असो की प्लॉट बघायला आलेला सुखवस्तू गृहस्थ, ती भिंत दिसली की त्याला मन मोकळं करावंसं वाटे, आणि प्रकरण मनावर थांबत नसे. बद्रीनाथरावांनी सरकारी शिरस्त्याप्रमाणं आधी तोंडी विनंती केली, मग लेखी सूचना काढली. ‘येथे लघवी करू नये’ अशी लाल अक्षरं घालून घेतली. पण पेंटरनं मजकूर दोन ओळींत बसवला आणि ‘नये’ नेमका कमरेच्या खाली आला. पंधरवड्यात जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तो धुऊन काढला. उरलं ते ‘येथे लघवी करू’. एवढ्या मोकळ्या मनाचं आवाहन वाचून, ज्यांना घाई नव्हती तेही थांबू लागले.

‘‘कंपाउंडनं माणसाची अब्रू राखायची असते,’’ बद्रीनाथराव द्वारकाबाईंना म्हणाले. ‘‘इथं मलाच कंपाउंडची राखावी लागतीय.’’

सल्ला द्यायला शेजारी काकासाहेब होतेच. काकासाहेब निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, पण शिकवायची सवय सुटली नाही, म्हणून ते गल्लीवर भागवत. त्यांचा पहिला सल्ला असा की देवांच्या फरशा बसवाव्यात. तो द्वारकाबाईंनी जागच्या जागी फेटाळला. ‘‘देवाला असल्या जागी पहाऱ्याला बसवायचं? त्यानं काय पाप केलंय?’’ मग काकासाहेबांनी दुसरा सल्ला काढला. ‘‘निसर्गचित्र काढून घ्या, बद्रीनाथराव. सौंदर्य दिसलं की माणूस आपोआप सुधारतो. मी छत्तीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो.’’ त्यांच्या हाताखालून गेलेल्यांतले काही जण त्याच भिंतीशी उभे राहत, हे बद्रीनाथरावांना माहीत होतं. पण ज्येष्ठ माणसाचा मान म्हणून ते बोलले नाहीत.

पेंटर मिळाला तो लासूर स्टेशनचा, मोतीराम. केस मागं बांधलेले, बोटांना कायम रंग, आणि नजर अशी की जणू समोरचा माणूस थोडा वाकडा टांगलाय. एके काळी तालुक्यातल्या ट्रॉल्यांच्या पाठी, कुस्त्यांचे फलक आणि साड्यांच्या दुकानातल्या बाया, सगळं त्याच्या हातचं असे. मग फ्लेक्स आला. तेव्हापासून मोतीराम सगळ्या जगावर चिडून होता आणि हे चिडणं तो कलावंताचा स्वभाव म्हणून सांगे. त्यानं भिंत लांबून बघितली, जवळून बघितली, वास घेतला आणि विचारलं, ‘‘विषय काय?’’

‘‘वेरूळचा धबधबा,’’ बद्रीनाथराव म्हणाले. आपल्या भागाचा अभिमान म्हणून त्यांनी तो निवडला होता. पावसाळ्यात लेण्यांवरून पाणी कोसळतं तो. दोन वर्षं खुद्द वेरूळला तो धड पडला नव्हता. तो गोदावरी नगरात पडला. आणि काय पडला. हिरवेगार डोंगर, मधून पांढरीफेक धार, खाली निळा डोह, डोहात कमळं, आणि एका कोपऱ्यात डोंगराएवढीच मोठी मोतीरामची सही. टपरीवरचे लोक चहा गार होईपर्यंत बघत राहिले. काकासाहेबांनी ‘‘झकास’’ असा शेरा दिला.

आता, धो धो वाहणारी धार पाहून माणसाला पहिल्यांदा काय सुचतं, याचा विचार या तिघांपैकी एकानंही केला नव्हता. तान्ह्या पोराला मोरीत धरून आई नळ सोडते, तो का सोडते, हे द्वारकाबाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण त्यांना कुणी विचारलं नाही. आधी गरजू लोक यायचे. आता धबधबा बघून ज्यांना काही नव्हतं त्यांनाही होऊ लागलं. काही जण तर डोहात पाणी कमी पडू नये अशा भावनेनं नेम धरत.

वर गल्लीतून बोलणी खावी लागली ती वेगळी. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या घरात बानाबाई राहायची. गोदावरी नगर व्हायच्या आधी या डोंगराखाली तिच्या सासऱ्याची मेंढरं चरत. आता मेंढरांच्या जागी बंगले चरत होते, आणि तिच्याकडं चार बकऱ्या अन् सुनांची बांधकामावरची मजुरी उरली होती. ती फाटकात येऊन म्हणाली, ‘‘सायेब, हितं प्यायला घोट नाय अन् तुमी भितीवर नदी सोडली. माझी बकरी चाटून आली बगा तिला. सकाळधरनं तोंड निळं हाय तिचं.’’

बद्रीनाथरावांनी मोतीरामला बोलावून धबधबा पुसायला सांगितला. मोतीरामनं तो शब्द प्रथमच ऐकल्यासारखं केलं. ‘‘पुसायचा? मी काढतो, सायेब. पुसायला दुसरा माणूस बगा.’’ मग बराच वेळ तो भिंतीकडं आणि भिंतीपुढं उभ्या असलेल्या एका पाठमोऱ्या माणसाकडं बघत राहिला. ‘‘यात बाया उभ्या करतो,’’ तो म्हणाला. ‘‘बाईमाणसाच्या डोळ्यासमोर कोण धजंल?’’

त्यानंतर टँकर येई त्या त्या दिवशी मोतीराम उपड्या बादलीवर बसून रांग बघू लागला. भिंतीवर धबधब्याखाली हंडे, कळश्या, प्लास्टिकचे कॅन घेतलेल्या बायांची रांग उभी राहिली. रांगेच्या टोकाला त्यानं टँकर काढला आणि टँकरवर मोबाइल कानाला लावून बसलेला एक पोट सुटलेला गृहस्थ. रांगेत सगळ्यात पुढं बानाबाई, कमरेवर हंडा, आणि तिचे डोळे थेट रस्त्याकडं. हे डोळे मोतीरामला असे साधले होते की बघणारा कुठूनही आला तरी ती त्याच्याकडंच बघे. दुसऱ्याच दिवशी एक ड्रायव्हर नेहमीच्या जागी उभा राहिला, सहज वर बघितलं, बानाबाईशी नजरानजर झाली, आणि तो ‘‘चुकलं, मावशी’’ म्हणत पुढच्या गल्लीत निघून गेला.

भिंत कोरडी झाली. बद्रीनाथरावांनी पेढे वाटायचं ठरवलं होतं. ते वाटायच्या आत बायकांनी आपापले चेहरे ओळखले.

भिंतीवरची रांग गल्लीला एकदम कायद्यासारखी वाटू लागली. टँकर आला की बानाबाई सावकाश चालत येई आणि पुढं जाऊन उभी राही. कुणी हरकत घेतली की भिंतीकडं बोट दाखवी. ‘‘भितीवर कोण पयली हाय? मीच ना? मंग सरका.’’ तिच्यामागच्या दोघीतिघींनाही हा न्याय पटला, कारण त्याही पुढं होत्या. द्वारकाबाई भिंतीवर तिसऱ्या होत्या. स्वतःच्या भिंतीवर आपली बायको तिसरी, हे बद्रीनाथरावांना थोडं लागलं. पण द्वारकाबाईंना तिसरा नंबर यापूर्वी कधी मिळाला नव्हता, त्या खूश होत्या.

सगळ्यात शेवटी होत्या कडूबाई. काकासाहेबांच्या मंडळी. त्यांच्यामागं मोतीरामनं फक्त एक कुत्रं काढलं होतं. खरं म्हणजे कडूबाई रांगेत नेहमीच शेवटी येत, कारण काकासाहेबांचा दुसरा चहा झाल्याशिवाय त्यांना घर सोडता येत नसे. पण आजवर ही गोष्ट फक्त घडत होती, आता ती दिसू लागली. कडूबाईंनी त्या दिवशी दुसरा चहा केला नाही. काकासाहेब तडक बद्रीनाथरावांच्या ओसरीवर आले.

‘‘रांग ज्येष्ठतेनं लावून घ्या.’’

‘‘मोतीराम पुसत नाही म्हणतो.’’

‘‘मग हे चित्र नाही,’’ काकासाहेब म्हणाले. ‘‘ही भिंत खराब करणं आहे. चित्र ते, जे बघून मन प्रसन्न होतं.’’ आणि ज्या हातानं ‘झकास’ म्हणून पाठ थोपटली होती त्याच हातानं त्यांनी पालिकेकडं तक्रार लिहिली. अक्षर अजून वळणदार होतं.

तक्रार तशी पडून राहिली असती. पण नगरसेवक हनुमानराव एका वाढदिवसाला जाताना भिंतीपाशी थांबले. गाडीची काच खाली केली. टँकरवरच्या गृहस्थाकडं आणि मग बद्रीनाथरावांकडं बघितलं.

‘‘ह्यो कोण?’’

‘‘कल्पनेतला माणूस आहे, साहेब,’’ बद्रीनाथराव हात जोडून म्हणाले.

हनुमानरावांनी गळ्यातली साखळी बाहेर काढली. तिला वाघनखाचं लॉकेट होतं. भिंतीवरच्या माणसाच्या गळ्यातही होतं. ‘‘लॉकेट बी कल्पनेतलं का?’’ एवढंच विचारून त्यांनी काच वर केली. त्याच आठवड्यात नोटीस आली. सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या भिंतीचं विद्रूपीकरण केल्याबद्दल कारवाई का करू नये.

बद्रीनाथरावांची नोकरी सगळी नोटिसा काढण्यात गेली होती. नोटीस घेणं हा अनुभव त्यांना नवा होता, आणि अपमान सहन होईना तो याचा की मसुदा भिकार होता. ते झोन कार्यालयात गेले. तिथला बाबू गप्पिष्ट आणि सज्जन होता. बद्रीनाथरावांनी त्याला विचारलं की बायपासभर भिंतींवर क्लासच्या, मूळव्याधीच्या आणि बोअर मारून देणाऱ्यांच्या जाहिराती आहेत, चौकाचौकात वाढदिवसाचे चेहरे आहेत, ते विद्रूप नाहीत आणि माझाच धबधबा कसा?

‘‘ते सोपं आहे,’’ बाबू म्हणाला. ‘‘नुसती अक्षरं असली की जाहिरात. देव असला की श्रद्धा. पुढारी असला की शुभेच्छा. तुमच्याकडं यातलं कायच नाय. मग आम्ही ते कुठल्या रकान्यात टाकायचं? उरतं ते विद्रूपीकरण.’’

‘‘पुढारी आहे की. टँकरवर.’’

‘‘हात जोडलेला नाही ना पण,’’ बाबू हळहळून म्हणाला.

मग चुना घेऊन पथक आलं. पथकप्रमुखानं पिंप उतरवलं, चुन्याची पोती उतरवली, ब्रश उतरवले आणि फाटकाशी येऊन बद्रीनाथरावांना म्हणाला, ‘‘साहेब, चुना कालवायला पाणी द्या.’’ बद्रीनाथरावांनी सवयीनं द्वारकाबाईंकडं बघितलं. द्वारकाबाईंनी बानाबाईकडं बघितलं. तोवर गल्लीतल्या बाया कमरेवर हात ठेवून जमल्या होत्या, भिंतीवर होत्या त्याच क्रमानं.

‘‘चितरावर वतायला पाणी पायजे व्हय तुमाला?’’ बानाबाई म्हणाली. ‘‘आमच्या पोराबाळांला नाय अन् चुन्याला पायजे. बसा मंग टँकरची वाट बघत. नंबर लावा कडूबाईच्या मागं.’’

पथक दुपारपर्यंत सावलीत बसलं. टँकर आला नाही. कारण तो पाठवायचा हनुमानरावांनी, आणि हनुमानराव रागावून बसले होते. संध्याकाळी पथक चुना घेऊन परत गेलं. अहवालात लिहिलं, ‘स्थानिकांचा विरोध व पाण्याअभावी कारवाई स्थगित’. स्वतःच्या रागानं भिंतीवरचं स्वतःचं तोंड चुन्यापासून वाचवणारा पुढारी बद्रीनाथरावांनी पहिल्यांदाच पाहिला.

या नाट्याचा कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत पालिकेच्याच दुसऱ्या मजल्यावर पोचला. तिथं शहर सौंदर्यीकरण कक्ष होता. परदेशी पाहुण्यांची मोठी परिषद शहरात भरणार होती. पाहुणे वेरूळ बघणार होतेच, पण मधल्या एका दुपारी त्यांना डोंगराखालच्या सातारा गावच्या खंडोबालाही न्यायचं ठरलं होतं. म्हणजे बस गोदावरी नगरावरून जाणार. कक्षाच्या सल्लागार अक्षदा मॅडम स्वतः भिंत बघायला आल्या. पुण्यात शिकलेल्या, खादीचा कुर्ता, कानात तांब्याचे मोठे डूल. त्यांनी भिंतीपुढं डोळे मिटले. बद्रीनाथरावांना वाटलं, वास येत असावा.

‘‘हे फार मोठं काम आहे,’’ डोळे उघडून मॅडम म्हणाल्या. ‘‘ही लोककला नाही, ही नुसती सजावट नाही. भिंत बोलते आहे. तुम्हाला जाणवतंय ना, हा धबधबा म्हणजे अभाव आहे?’’

‘‘व्हय,’’ बद्रीनाथराव म्हणाले. त्यांना तो वेरूळचा आहे असं सांगायचं होतं, पण मॅडमचा चेहरा बघून राहून गेलं.

आठ दिवसांत सगळं पालटलं. भिंतीपुढं स्टीलचं रेलिंग आलं, रात्री वर पडणारे दिवे आले, आणि ‘संरक्षित पथकला. हात लावू नये’ असा फलक आला. यातला ‘नये’ छातीच्या उंचीवर होता. बायपासच्या बाकीच्या भिंतींवर कक्षानं घाईघाईनं आपले धबधबे, हरणं आणि बदकं काढून घेतली. कोरड्या शहरात एवढं पाणी पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. काकासाहेबांनी ‘चित्रकला आणि समाज’ या विषयावर कट्ट्यावर दोन व्याख्यानं दिली. हनुमानराव दिव्यांच्या उद्घाटनाला आले, चित्राची कल्पना मूळ आपलीच असल्याचं बोलले, आणि मोतीरामला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘त्या टँकरवरच्या माणसाचं पोट जरा आत घे. अन् हात जोड.’’ मोतीरामनं पोट तसंच ठेवलं आणि हात जोडले. त्यामुळं मोबाइल हवेत तरंगत राहिला.

बद्रीनाथरावांचं तर चालणंच बदललं. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते रेलिंगपाशी उभे राहत. गाडी थांबवून कुणी फोटो काढू लागला की खाकरत. ‘‘हा अभाव आहे,’’ असं ते धबधब्याकडं बोट करून सांगत. ऑफिसात ‘भिंतवाले’ अशी त्यांची ओळख झाली. चारचौघांत माणसाला मान मिळतो तो कधी जमिनीमुळं, कधी पोरांमुळं. आपल्याला मुतारीमुळं मिळाला, हे ते स्वतःशीही कबूल करत नसत.

पाहुण्यांच्या दुपारी गल्ली झाडून काढली. नेमका त्याच वेळी टँकर आला, कारण टँकरला परिषदेचं वेळापत्रक कुणी दिलं नव्हतं. बाया हंडे घेऊन धावल्या. तोवर बस वळणावर आली. अक्षदा मॅडमनी पदर खोचलेल्या बानाबाईला रेलिंगपाशी गाठलं.

‘‘मावशी, जरा बाजूला व्हा ना. तुमच्या हंड्यांमुळं चित्र नीट दिसत नाही.’’

बानाबाईनं भिंतीवरच्या बानाबाईकडं बघितलं. ‘‘तिला सांगा की बाजूला व्हायला,’’ ती म्हणाली. पण बंदोबस्ताला पोलीस होता, बाया भिंतीच्या आडोशाला गेल्या. टँकरही पुढच्या गल्लीत पिटाळला. पाहुणे उतरले, माना कलत्या करून बघितलं, फोटो घेतले. सोनेरी केसांच्या एका उंच बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, हा कोणत्या शतकातला प्रसंग आहे? मॅडमनी कानातला डूल सारखा केला. मग म्हणाल्या, ‘‘पूर्वीचा. जुन्या काळातला.’’

भिंतीच्या आड रिकामे हंडे घेऊन जुना काळ उभा होता. त्या दिवशी गल्लीला पाणी मिळालं नाही. द्वारकाबाईंनी संध्याकाळी भात लावला नाही, शिळ्या भाकरीचा कुस्करा पुढं ठेवला, आणि बद्रीनाथराव ‘‘परदेशी लोकांना अभाव फार आवडला’’ असं सांगत असताना त्या रिकामे हंडे पालथे घालत राहिल्या.

पाहुणे गेले आणि चमत्कार झाला. नळ हलला. चौकात इतकी वर्षं अडलेल्या पाइपलाइनला पुढचा टप्पा मंजूर झाला. जेसीबी खोदत खोदत गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. इंजिनिअर उतरून रेलिंग मोजू लागला.

‘‘पाइप ह्या बाजूनंच जाणार. समोर विजेची केबल आहे. चर खणायचा तर रेलिंग अन् भिंत काढावी लागंल.’’

‘‘काढा की,’’ बाया एकमुखानं म्हणाल्या.

‘‘ती संरक्षित आहे. कक्षाची परवानगी आणा. ती म्हणे समिती नेमून देतात. तोवर आम्ही पाइप पलीकडच्या कॉलनीला नेतो.’’ दोन दिवसांची मुदत देऊन तो गेला.

बद्रीनाथरावांनी अक्षदा मॅडमना फोन लावला. मॅडमना वाईट वाटलं. ‘‘पण तुम्हीच सांगा, पाणी आज ना उद्या येईलच. असं काम पुन्हा होईल का?’’ बद्रीनाथरावांना हे पटलं. मनातून त्यांना तेच ऐकायचं होतं. त्यांनी गल्लीला सांगितलं की समितीची वाट बघावी, कलेला किंमत असते. काकासाहेबांनी मान हलवली. बाकी कुणी नाही.

शेवटचा आधार म्हणून त्यांनी लासूरहून मोतीरामला बोलावलं. ज्यानं काढलं तो तरी मोडू देणार नाही. मोतीराम नव्या मोटरसायकलवर आला. भिंतीचं नाव झाल्यापासून त्याला वेरूळच्या हॉटेलांची कामं मिळत होती. सगळी धबधब्यांची. त्यानं भिंतीकडं बघून नाक मुरडलं. ‘‘डोंगर लई हिरवा झाला व्हता राव. पाडायचं तर पाडा. मी फोटू काढून ठेवलाय.’’

बद्रीनाथरावांनी पुन्हा एकदा भिंतीवरून नजर फिरवली. मग इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न बाहेर आला. ‘‘मोतीराम, अख्खी गल्ली काढलीस. हनुमानराव काढला, कुत्रं काढलं. भिंत माझी. मी कुठंय रे यात?’’

मोतीरामनं डोकं खाजवलं. ‘‘जागा संपली आसंल.’’

द्वारकाबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ‘‘जागा नाही संपली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यानं रांग बघून काढली. तुम्ही रांगेत कधी होता?’’

आवाजात राग नव्हता. सुपात तुरीचे दाणे वाजत राहिले. मोतीराम चहा न घेता गेला, आणि त्याच्या आयुष्यात असं प्रथमच घडलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथरावांनी बनियनवर बाहेर येऊन पहार घेतली. पाचोड सोडल्यापासून त्यांनी पहार धरली नव्हती. पहिले दोन घाव हुकले आणि तिसऱ्याला स्वतःचाच अंगठा सापडला. पंक्चरवाल्यानं न सांगता रेलिंगचे बोल्ट सोडवून दिले. मग धबधब्याच्या मधोमध भेग पडली. आवाज ऐकून गल्ली जमा झाली. बानाबाईनं त्यांच्या हातातून पहार घेतली. ‘‘सरका सायेब, तुमी भित पाडताव का गुदगुल्या करताव?’’ तिनं घाव घातले ते स्वतःचा चेहरा राखून, चारी बाजूंनी. बाकीच्यांनी तेच धोरण धरलं. दुपारपर्यंत भिंत आडवी झाली आणि जी ती बाई आपापला तुकडा घरी घेऊन गेली. बानाबाईचा गोठ्याच्या दाराशी लागला. कडूबाईंनी आपला तुकडा बैठकीत, काकासाहेबांच्या खुर्चीसमोर ठेवला. हनुमानरावांचा कुणी उचलला नाही, तो चरात भरतीला गेला. पाइप त्याच्यावरून टाकला.

अर्थात नोटीस आली. या वेळी मसुदा चांगला होता. ‘संरक्षित कलाकृतीचे विद्रूपीकरण केल्याबद्दल.’ जुनी नोटीसही अजून कुणी मागं घेतली नव्हती. म्हणजे चित्र काढलं हा एक गुन्हा आणि मोडलं हा दुसरा, आणि दोन्ही फायली एकाच कार्यालयात शेजारी शेजारी सुखानं नांदत होत्या. फक्त या खेपेला नाव द्वारकाबाईंचं होतं. घर बायकोच्या नावानं घेतलं की सवलत मिळते म्हणून बद्रीनाथरावांनीच ते तसं केलं होतं.

सुनावणीचा दिवस उजाडला. द्वारकाबाईंनी लग्नकार्यातली साडी नेसली. बद्रीनाथराव बरोबर निघाले, कारण कार्यालयात काय बोलायचं हे त्यांनाच माहीत होतं. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. पाइप पडला होता, पण त्याला पाणी जोडायचं बाकी होतं. द्वारकाबाईंनी हंडा उचलून त्यांच्या हातात दिला. ‘‘दोनपैकी एक कायतरी करा,’’ असं म्हणून त्या रिक्षात बसल्या.

बद्रीनाथराव इस्त्रीच्या शर्टात रांगेत उभे राहिले. हंडा कमरेवर राहीना, म्हणून तो त्यांनी फाइलसारखा छातीशी धरला. उन्हात उभं राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की रांग म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे. पुढचीचा पाय, मागचीचा कोपर, टँकरचा पाइप कुणाकडं वळतो आणि ड्रायव्हर कधी घड्याळ बघतो, सगळ्यावर नजर लागते. त्यांची नजर ऑफिसची होती. तीन बाया त्यांच्या पुढं कधी गेल्या ते त्यांना कळलं नाही. अखेर पाइप हाती आला तो सापासारखा उसळला. निम्मं पाणी पँटवर गेलं, निम्मं हंड्यात, आणि मग टँकरनं घुरघुर करून मान टाकली.

‘‘संपलं,’’ ड्रायव्हर म्हणाला.

द्वारकाबाई परतल्या तेव्हा ते अर्ध्या हंड्याशेजारी पायरीवर बसले होते. कंपाउंड नसल्यानं सगळ्या रस्त्याला दिसत होते.

‘‘काय झालं?’’ बद्रीनाथरावांनी विचारलं.

‘‘साहेब म्हणाले, एक काय ते लिहून द्या. चित्र म्हणजे कला की विद्रूपीकरण. कला म्हणलं की मोडल्याचा गुन्हा, विद्रूपीकरण म्हणलं की काढल्याचा.’’

‘‘मग?’’

‘‘मी म्हणलं, बाया खऱ्या होत्या, ती कला लिहा. त्या आम्ही घरी नेल्यात, मोडल्या नाहीत. धबधबा खोटा होता, ते विद्रूपीकरण. तेवढं आम्ही पाडलं, तुमचंच काम हलकं केलं.’’

बद्रीनाथरावांनी हंडा थोडा बाजूला सरकवला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असा शेरा सुचला नव्हता. ‘‘अन् साहेब काय म्हणाले?’’

‘‘काय म्हणणार. त्यांच्याकडंही पाणी आठवड्यातून एकदाच येतं. दोन्ही फायली बांधून ठेवल्या आणि मला पाणी विचारलं. मी म्हणलं नको, राहू द्या, तुम्हाला लागेल.’’

त्यांनी वाकून हंड्यात बघितलं, बोट बुडवून अंदाज घेतला आणि नवऱ्याच्या ओल्या पँटकडं नजर टाकली.

‘‘भाजीपुरतं होईल,’’ द्वारकाबाई म्हणाल्या. ‘‘बाकीचं पँट पिळून बघू.’’